फोल्डिंग की फिक्स्ड? रोज बॅगेत ठेवायच्या चाकूविषयी

रानभूल

मंडळी, सोमवार ते शुक्रवार हिंजवडी आणि जमेल त्या शनिवार-रविवारी सह्याद्री, असं माझं चाललेलं असतं. बॅगेत एक चाकू कायमचा असावा असं वाटतंय. कामं साधीच आहेत: पार्सलचे खोके फोडणं, डब्यातलं फळ कापणं, गडावर कांदा-टोमॅटो चिरणं, सुतळी तोडणं, कधी तंबूच्या खुंटीला टोक काढणं. आजवर घरातली सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून नेत आलोय, आता आई ती परत मागतेय.

माझा कल फिक्स्ड ब्लेडकडे, म्हणजे न मिटणाऱ्या अखंड पात्याच्या चाकूकडे आहे. त्यात मोडण्यासारखं काही नसतं, म्यानातून काढला की कामाला तयार. पण लॅपटॉपशेजारी म्यानातला चाकू घेऊन कंपनीच्या गेटवर काय सांगायचं? बजेट अडीच हजारांच्या आत. दिखाऊ काही नको.

लोखंडी चणे

फोल्डिंगची कमकुवत जागा एकच, सांधा. उघडलेलं पातं कशाच्या जोरावर उघडं राहतं ते आधी बघा, स्टीलच्या चर्चा नंतर.

उदाहरणार्थ लाल मुठीचे ते, मिटल्यावर ९१ मिमी लांबीचे, व्हिक्टोरिनॉक्सचे स्विस चाकू बघा. त्यांत लॉक नसतो. मुठीच्या पाठीला पट्टीची स्प्रिंग असते, ती पात्याला उघड्या आणि मिटलेल्या अशा दोन्ही जागी दाबून धरते, बस. कापताना जोर धारेवर येतो, म्हणजे पातं आणखी उघडायच्या दिशेनेच ढकललं जातं, त्यामुळे काही बिघडत नाही. गडबड होते ती टोकाने भोक पाडताना, किंवा लाकडात रुतलेलं पातं हलवून हलवून काढताना. तेव्हा जोर पाठीवर येतो आणि पातं सरळ बोटांवर मिटतं.

लॉक असलेल्यांत दोन प्रकार बाजारात जास्त दिसतात. बॅक लॉक म्हणजे मुठीच्या पाठीवरची कळ दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. बक कंपनीच्या ११० नंबरच्या चाकूने १९६० च्या दशकात हा प्रकार घरोघरी नेला. दुसरा लायनर लॉक: मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. चांगल्या चाकूत ती नीट पोटाशी बसते. स्वस्तातल्या चाकूत जेमतेम कडेला टेकते आणि आत वाळू किंवा खिशातला कचरा गेला की तीही धरत नाही. दुकानात तपासायचं तर पातं उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला घ्या आणि पात्याची पाठ लाकडी टेबलावर टेकवून दाबा. पट्टी जरा जरी सरकली तरी चाकू काउंटरवर ठेवा आणि बाहेर पडा.

फिक्स्डमध्ये ही भानगड नाही हे खरं. पण तिथेही मुठीच्या आत पोलाद कुठवर गेलंय ते विचारा. काहींत पातं शेवटपर्यंत जातं, काहींत बारीक शेपूट असतं. बारीक शेपूट म्हणजे वाईटच असं मात्र नाही. स्वीडनच्या मोरा गावचे चाकू बहुतेक तसेच असतात आणि लोक ते वर्षानुवर्षं वापरतात.

देवगडचो बागवान

एवढा पुराण कित्याक? आमच्याकडे कमरेक आकडी नाय तर माणूस बागेत जाणा नाय. आकडीत कोयता. नारळ सोला, झाप तोडा, वाटेतली फांदी उडवा, सापाक घाबरवा.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमचा लोहार ट्रकचा जुना पाटा तापवून त्याचा कोयता घडवतो. पाट्याचं पोलाद मुळात स्प्रिंगचं, लवतं पण तुटत नाही. धारेला पाणी (म्हणजे कडकपणा) किती द्यायचं हे तो रंगावरून ठरवतो. जास्त कडक केलं तर कवची उडते, मऊ राहिलं तर धार वळते. वळलेली धार परत पाजवता येते, उडालेल्या कवचीचं काही करता येत नाही, म्हणून आमचे लोक मऊकडे झुकलेला कोयता पसंत करतात. शहरातला महागडा कडक चाकू एकदा करवंटीवर मारून बघा.

पण धागाकर्त्याची कामं वाचली. खोके आणि सफरचंद. त्याला कोयता कशाला?

तिरकस पुणेकर

हिंजवडीच्या बसमध्ये कोयता? तेही पुण्यात? दुसऱ्या दिवशी तुमचा फोटो पान तीनवर, तोंडावर बुरखा घालून, दोन्ही बाजूंना हवालदार.

काळा कोट

पुणेकरांनी विनोद केला, पण मुद्दा गंभीर आहे. जरा सविस्तर लिहितो. ही सर्वसाधारण माहिती आहे, तुमच्या प्रकरणातला सल्ला नव्हे.

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत पहिल्या अनुसूचीचा पाचवा वर्ग बघा. तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू त्यात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणून बागवानांचा कोयता बागेत शेतीचं अवजार असतो. तोच कोयता रात्री अकराला चौकात मोटारसायकलवर दिसला तर 'शेतीचं अवजार' हा बचाव तुम्हाला कोर्टात बसून सिद्ध करावा लागेल.

म्हणजे ९ इंचांच्या आत सगळं मोकळं? नाही. कलम ४ प्रमाणे सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागात आणखी हत्यारांना परवाना लागू करू शकतं. दिल्लीत १९८० ची अशी अधिसूचना आहे. बटनवाले, गरारीवाले (दातेरी खटक्याचे), यांत्रिक करामतीने उघडणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असलं की त्यात येतात. दिल्लीला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तिथे फोल्डिंग असणं ही सवलत नसून उलट अडचणच आहे.

महाराष्ट्रात रोजचा प्रश्न येतो तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१) चा. सण, मोर्चे, निवडणुका असल्या की आयुक्त किंवा जिल्हाधिकारी शस्त्रबंदीचा आदेश काढतात. मोठ्या शहरांत हे आदेश एकामागून एक निघत राहतात. मोडला तर कलम १३५. त्या आदेशांत चाकू-सुरे, काठ्या, दगड सगळं येतं. तुमच्या बॅगेतल्या छोट्या चाकूवर कोणी उठून गुन्हा दाखल करेल असं म्हणत नाही. पण फिक्स्ड ब्लेड कमरेला दिसला तर विचारणा होणारच, आणि 'असाच ठेवलाय' हे उत्तर सर्वांत वाईट.

माझं मत: शहरात लहान फोल्डिंग, स्प्रिंग-बटन अजिबात नको, आणि तो खिशात न ठेवता बॅगेत, डब्याच्या पिशवीत. फिक्स्ड घ्यायचाच असेल तर ट्रेकच्या सॅकमध्ये खाली, भांड्यांबरोबर.

रानभूल

काळा कोट, आभार. नेमकं हेच कुणी सांगत नव्हतं. मग ट्रेकला फिक्स्ड न्यायला हरकत नाही असं धरू का?

वनवाट

कुठल्या ट्रेकला त्यावर आहे.

हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. वासोटा कोयना अभयारण्यात. भीमाशंकरचं स्वतंत्र अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३१ सांगतं की लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरू नये. आणि त्याच कायद्यात 'हत्यार' या शब्दाच्या व्याख्येत बंदुका, सापळे, जाळी, विष यांच्याबरोबर चाकूंचाही उल्लेख आहे. बारीकसारीक चाकूवरून वनरक्षक कुणाला अडवत बसत नाहीत, त्यांना बाटल्या आणि प्लॅस्टिकचीच चिंता जास्त. पण सॅकच्या बाहेर लटकवलेला सात इंची सुरा म्हणजे आपण होऊन वाद ओढवून घेणं. ते बाहेर लटकवणं फोटोसाठीच असतं, हे आपण सगळे जाणतो.

दुसरं, फिक्स्डची बाजू घेणारे सांगतात की त्याने लाकूड फोडता येतं. पात्याच्या पाठीवर ओंडका मारून जळण चिरायचं, व्हिडिओत छान दिसतं. अभयारण्यात लाकूड तोडायचं नाही, जाळ करायचा नाही. गावातल्या घरात चूल पेटलेली असते, भाकरी-पिठलं सांगा आणि बसा. हे कारण वजा केलं की इकडच्या ट्रेकरला जाड पात्याच्या फिक्स्डची गरज किती उरते?

लोखंडी चणे

वनवाटशी सहमत, फक्त 'जाड' या शब्दावर अडतोय. फिक्स्ड म्हणजे जाडच असं नाही. पण बाजारात 'सर्व्हायव्हल' म्हणून जे विकतात ते पाच मिलिमीटर जाडीचे असतात आणि त्यांनी टोमॅटो चिरला जात नाही, चेपतो. गाजर तर कापलं न जाता फुटतं, कारण पातं पाचरीसारखं आत घुसतं. स्वयंपाकाला दोन-अडीच मिलिमीटरची जाडी पुष्कळ झाली.

कलमबहाद्दर

दापोलीकडे रोपवाटिका आहे. आमचा कलमाचा चाकू बहुतेक फोल्डिंगच असतो, आणि त्याची धार एकाच बाजूने घासलेली असते. दुसरी बाजू सपाट. त्यामुळे काप अगदी सरळ येतो. खुंट (मुळांचं रोप) आणि काडी (त्यावर जोडायची फांदी) यांचे काप एकमेकांना चिकटून बसले तरच कलम धरतं, मध्ये फट राहिली की गेलं. डावखुऱ्यांना उलट बाजू घासलेला लागतो.

सांगायचं हे की दिवसभर हजार वेळा काढायचा-ठेवायचा चाकू खिशात मिटून राहतो ही मोठी सोय आहे. म्यान सांभाळा, म्यानात चीक जातो, मग तो पात्याला लागतो, ही कटकट नाही. पण मिटणाऱ्या चाकूच्या खोबणीत चीक जातो हेही तितकंच खरं. संध्याकाळी रॉकेलच्या चिंधीने पुसायचा, मग थेंबभर तेल.

मासळीप्रेमी

तो खोबणीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. फोल्डिंगने मासे साफ करू नका. खवलं, रक्त, मीठ सगळं सांध्यात जातं आणि कितीही धुतलं तरी दुसऱ्या दिवशी बॅग उघडली की सगळ्या डब्याला वास. मासळीला अखंड पात्याची पातळ सुरी, प्लॅस्टिकची मूठ, काम झालं की साबणाने धुवा आणि विसरा.

लेस्टरकर

परदेशी राहणाऱ्यांसाठी थोडं. इंग्लंडमध्ये गणित वेगळं आहे. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम १३९ प्रमाणे मिटणारा आणि ३ इंचांपर्यंत पात्याचा चाकू विनाकारणही जवळ ठेवता येतो. पण तो लॉक होत नसावा. लॉक झालेलं पातं कोर्टाने फिक्स्डसारखंच मानलं आहे. म्हणजे वर लोखंडी चण्यांनी ज्याला सुरक्षित म्हटलं तोच लॉकचा चाकू इथे गोत्यात आणतो, आणि बोटांवर मिटणारा बिनलॉकचा चालतो! इथल्या आमच्या ग्रुपमध्ये नवीन आलेल्या मुलांना आधी हेच सांगावं लागतं. भारतातून येताना हौसेने आणलेला लॉकचा चाकू घरच्या ड्रॉवरमध्येच ठेवा. जर्मनीत एका हाताने उघडणारे लॉकचे चाकू आणि १२ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचे फिक्स्ड सबळ कारणाशिवाय बाळगता येत नाहीत.

निशाचर

धाग्याशी थोडं बाजूचं, पण विचारते. ड्युटी संपवून रात्री उशिराच्या लोकलने येते. मैत्रीण म्हणाली पर्समध्ये एक छोटा फोल्डिंग ठेव. ठेवू का?

काळा कोट

ताई, स्पष्ट लिहितो. त्यासाठी नको. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, पण चाकू उगारला की प्रकरण तिथून पुढे तुमच्या हातात राहत नाही. शिवाय 'मारायच्या इराद्याने बाळगला' हे म्हणायला समोरच्याला आयतं मिळतं.

माळ्यावरची मावशी

कायदा राहू दे बाजूला. तो छोटा चाकू नखाने उघडायला दोन्ही हात लागतात, एका हातात पर्स असते, आणि समोरचा थांबत नाही. झटापटीत तो त्याच्याच हातात जायचा. शिट्टी ठेव, ११२ स्पीड डायलला ठेव, रात्री महिला डब्यात पोलीस असतो त्या डब्यात बस. चाकू ठेव तो डब्यातल्या पेरूसाठी.

निशाचर

पटलं मावशी. शिट्टी घेते. आणि पेरूसुद्धा.

भिजलेला बूट

पावसाळ्याबद्दल कुणी बोलेना, म्हणून मी.

माझ्याकडे फ्रेंच ओपिनेल आहे, ८ नंबरचा, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. १८९० पासून सावोया भागात बनतोय. मुठीच्या तोंडाशी पोलादी कडी आहे, ती फिरवली की पातं लॉक होतं. साधी युक्ती, १९५५ ची, आणि वाळू-चिखलाने सहसा बिघडत नाही. वजन नगण्य, पातं पातळ, कांदा सुरेख चिरतो. दिसायलाही साधा, त्यामुळे गडावर काढला तर कुणी दचकत नाही.

पण मूठ बीच लाकडाची. जूनमध्ये लोहगडावर दोन तास भिजला की लाकूड फुगतं आणि पातं खोबणीत असं बसतं की नखाने उघडत नाही. तिकडचे लोक मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकतात, मग पात्याचं टोक जरासं वर येतं. मी नवा असतानाच मूठ सांध्याच्या बाजूने जवसाच्या तेलात मुरवून ठेवली, त्याने फरक पडला. पूर्ण गेला नाही.

आणि घेताना स्टेनलेस घ्या. कार्बन पात्याला धार पटकन लागते, पण कोकणकड्याच्या धुक्यात रात्रभर राहिलं की सकाळी तांबूस ठिपके. लिंबू कापून तसंच ठेवलं की काळं पडतं, ते मात्र चांगलं, तो काळेपणा गंजाला थोडा अटकाव करतो.

देवगडचो बागवान

खोबरेल लावा. आमचो कोयतो पावसात चार महिने तसोच.

भिजलेला बूट

बागवान, कोयता रोज वापरात असतो म्हणून घासला जातो हो. माझा शुक्रवारी बॅगेत जातो तो पुढच्या शुक्रवारी बाहेर येतो. पण खोबरेल बरोबर, खाण्याच्या पात्याला मशीनचं तेल नकोच. आणि चामड्याच्या म्यानात पावसाळ्यात काही ठेवू नका, चामडं ओल धरून बसतं. प्लॅस्टिकचं, खाली पाणी निथळायला भोक असलेलं म्यान बरं.

दोरखंड

प्रस्तरारोहण करणाऱ्यांसाठी एक वेगळं कारण जोडतो. आम्ही हार्नेसला (कमरेच्या सुरक्षा पट्ट्याला) छोटा फोल्डिंग अडकवतो, कॅराबिनर म्हणजे अडकवायची कडी घालायला भोक असलेला. अडकलेली स्लिंग (पट्टीचा फास) किंवा प्रुसिक (दोरावर बांधलेल्या बारीक दोरीचा फास) कापायला. ताणाखालच्या दोराला धार नुसती टेकली तरी तो जातो, त्यामुळे दोरावर लटकलेलं असताना उघडं पातं जितका कमी वेळ हवेत तितकं बरं. फिक्स्ड म्यानातून सुटून खालच्याच्या डोक्यावर पडला तर? म्हणून मिटणाराच, आणि तो दोरीने बांधलेला. एका हाताने, हातमोजा घालून उघडता आला पाहिजे, ही एवढीच अट.

डावरा

डावखुऱ्यांनी लायनर लॉक घेताना जपून. पट्टी उजव्या अंगठ्याच्या सोयीने बसवलेली असते. डाव्या हातात धरून मिटताना बोट पात्याच्या वाटेत येतं. बॅक लॉक दोन्ही हातांना सारखा.

तिरकस पुणेकर

धार कशी लावता सगळे? घरी सहाण आहे ती चंदनाची, तिच्यावर चाकू घासला तर घरातून हाकलतील.

लोखंडी चणे

हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कणांची बारीकी) पाण्याचा दगड घ्या, एक दगड पुरे. पातं दगडाशी साधारण वीस अंशांत धरायचं, धारेच्या दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कंगोरा लागेपर्यंत घासायचं, मग बाजू बदलायची. कंगोरा न येताच बाजू बदलणं हे धार न लागण्याचं नेहमीचं कारण. मोराच्या पात्याला एकच रुंद उतार असतो, तो दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप मिळतो. शिकणाऱ्याला त्याहून सोपं काही नाही. प्रवासात कपाच्या बुडाची खरखरीत कडा चालते, आज्ज्या तेच करायच्या. दारावर सायकलचं चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे पातळ पातं देऊ नका, कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेचं पाणी उतरतं.

रानभूल

सगळं वाचून असं ठरवतोय: ऑफिसच्या बॅगेत बिनलॉकचा छोटा व्हिक्टोरिनॉक्स. ट्रेकच्या सॅकमध्ये भांड्यांच्या पिशवीत स्टेनलेसचा ओपिनेल. कल फिक्स्डकडे होता, पण माझ्या कामांत त्याची गरज असलेलं एकही काम सापडलं नाही. खुंटीला टोक तर फोल्डिंगनेही निघेल. दोन्ही मिळून बजेटबाहेर जातील बहुधा, तर आधी कुठला?

वनवाट

ओपिनेल. ऑफिसात खोके फोडायला कात्री असते.

मासळीप्रेमी

आणि आईची सुरी परत करा.

सामानसुमान

पुढच्या महिन्यात विमानाने चंदीगड, तिथून ट्रेक. चाकू केबिन बॅगेत चालेल का? फक्त चार इंची आहे.

काळा कोट

नाही. केबिनमध्ये काढून घेतील आणि परत मिळणार नाही. चेक-इनच्या सामानात, पातं गुंडाळून. परतताना दिल्लीत फिरणार असाल तर वरची १९८० ची अधिसूचना पुन्हा वाचा. चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर, आणि तुमचा कसा उघडतो ते तुम्ही सांगितलेलं नाही.

सामानसुमान

बटनाने. घरीच ठेवतो.